१९७७ची ग्रँड बँक्स ३६ : जुनी मोटार यॉट घेऊन दुरुस्त करण्याचा चार वर्षांचा हिशोब

ग्रँड बँक्स ३६ ही मोटार यॉट आम्ही २०१९च्या एप्रिलमध्ये विकत घेतली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिची मोठी कामे संपायला चार वर्षे लागली आणि ती संपल्यावरच मी हे परीक्षण लिहायला घेतले आहे. सिएटल परिसरातली जी मराठी मंडळी आमच्या बोटीवर येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : एवढी जुनी बोट, बुडणार तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण त्यात पाण्याची दिशा चुकते. या वयाच्या फायबरग्लासच्या बोटीला खालच्या पाण्याचे फारसे भय नसते. तिला खाते ते आभाळातून पडणारे गोडे पाणी, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते बहुतेक त्या पाण्याविषयीच आहे.

आधी बोटीची ओळख करून देतो. हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन या कारखान्याने १९६३ साली ‘स्प्रे’ नावाची ३६ फुटी लाकडी बोट बांधली आणि तिच्यावरून ग्रँड बँक्स ही मालिका सुरू झाली. १९७३पर्यंत या बोटी लाकडी होत्या, त्यानंतर त्या फायबरग्लासच्या झाल्या, आणि कारखान्याचे काम पुढे सिंगापूरला गेले. साचा बदलताना त्यांनी एक हौस मात्र राखली. फायबरग्लासच्या अंगावर फळ्यांच्या सांध्यांसारख्या रेघा साच्यातच कोरलेल्या असल्यामुळे धक्क्यावरून पाहणाऱ्याला बोट अजूनही लाकडीच वाटते. ही धावणारी बोट नव्हे. तिचा बांधा मासेमारी ट्रॉलरचा आहे, वजन बारा टनांच्या आसपास आहे आणि ती ताशी सात ते आठ सागरी मैलांनी चालते. त्याहून अधिक वेग मागितला तर ती पाणी ढकलत बसते आणि डिझेल पिते. ज्यांना शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला सॅन वान बेटांवर पोहोचायचे आहे, त्यांनी हे परीक्षण इथेच थांबवले तरी चालेल.

खरेदीपूर्वी आम्ही सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा माणूस लावला. तो खर्च वाचवण्याचा विचार कोणी करू नये, कारण इतक्या जुन्या बोटीला विमा कंपनी सर्व्हेच्या अहवालाशिवाय सहसा दारात उभे करत नाही. सर्व्हेयरकडे ओलावा मोजण्याचे यंत्र होते, पण त्याचा भर एका लहानशा प्लॅस्टिकच्या हातोडीवर होता. तो डेकवर गुडघे टेकून वीतभर अंतरा-अंतरावर ती आपटत पुढे सरकत होता, आणि जिथे ‘टण्’ ऐवजी ‘ठप्प’ असा आवाज येई तिथे खडूने खूण करत होता. आमची आजी बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने तो वाजवून पाही आणि बद्द आवाजाचा माठ बाजूला सारी, त्याची मला तेव्हा आठवण झाली. फरक इतकाच की आजीने तो माठ घेतला नसता. आम्ही मात्र खडूच्या सतरा खुणा असलेली बोट किंमत थोडी पाडून घेतली.

या खुणांचे कारण समजण्यासाठी डेकची रचना माहीत हवी. त्या काळातल्या बहुतेक ट्रॉलरांवर फायबरग्लासच्या डेकवर सागवानी पट्ट्या स्क्रूने बसवत असत. खालचे डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये, कडकपणा यावा म्हणून, लाकडाचा गाभा. पट्ट्यांमधल्या फटींत काळे रबरी सीलंट भरायचे, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाचीच छोटी गोल गुडदी ठोकायची, आणि वरून सगळे घासून एकसारखे करायचे. नवे असताना याच्याइतके देखणे आणि अनवाणी पायाला सुखाचे दुसरे काही नाही. पण सागवान दरवर्षी घासले जाते, उन्हापावसाने झिजते, पट्टी पातळ होते, गुडद्या निसटतात, आणि मग प्रत्येक स्क्रू हा पावसाला थेट गाभ्यात नेणारा एकेक नळ होतो. याचा दोष मी बांधणाऱ्यांना देणार नाही. चाळीस वर्षे पुरलेल्या कामाला कुचकामी म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. दोष द्यायचाच तर तो आधीच्या कोणा मालकाला देता येईल, ज्याने सैल झालेल्या सीलंटवर बाथरूममध्ये वापरतात तसले सिलिकॉन फासले होते. सिलिकॉन सागाला नीट धरत नाही, आणि एकदा लागले की त्यानंतर दुसरे काहीच तिथे धरत नाही.

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सिएटलला हजारही पडत नाही, तेव्हा कोकणात वाढलेल्या माणसाने इथल्या पावसाला काय भ्यावे, असे मला वाटत होते. तो माझा गैरसमज होता. आपल्याकडचा पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने ऊन असते. शिवाय कोकणातल्या होड्या त्या चार महिन्यांत किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बारीक रिपरिप चालू राहते, ऊन पडले तरी ते लाकूड सुकवण्याइतके तापत नाही, आणि बोट उघड्यावर धक्क्याला बांधलेली असते. बुरशीला याहून काय हवे? खाऱ्या पाण्यात ही बुरशी सहसा तगत नाही, म्हणूनच जुन्या लाकडी जहाजांची डेके समुद्राच्या पाण्याने धूत असत. आमची बोट तर सिएटलमधल्या लेक युनियन या तळ्यात, म्हणजे गोड्या पाण्यात उभी. बुडाला शिंपले चिकटत नाहीत हा त्याचा फायदा, पण वरच्या लाकडाच्या दृष्टीने वरूनही गोडे पाणी आणि खालूनही गोडेच.

पहिली दुरुस्ती आम्ही स्वतः केली नाही आणि तिथेच फसलो. २०१९च्या शरदात बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डाने, ज्याचे नाव इथे देत नाही, डेकच्या मऊ जागांवर भोके पाडून आत इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखी घट्ट होणारी राळ, सोडण्याचा उपाय सुचवला. तीन दिवसांचे काम, सागवान उचकटायची गरज नाही, आणि वरून काही दिसणारही नाही, हे सगळे ऐकायला इतके बरे वाटले की ओला गाभा आधी सुकवणार कसा, हा साधा प्रश्न मी विचारलाच नाही. त्यांनी तो सुकवला नाही. इपॉक्सी भोकाच्या भोवती रुपयाएवढी जागा घट्ट करून थांबली, बाकीचे पाणी आतच कोंडले गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीत नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे चालताना पायाखालचे डेक आधीपेक्षा अधिक दबू लागले. बिलात यार्डात बोट उभी ठेवण्याचे दररोजचे भाडे होते, पर्यावरण शुल्क होते आणि ताडपत्रीचेही पैसे होते. तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर असे की जुन्या बोटीच्या कामाची हमी देता येत नाही. हे वाक्य खोटे नाही, पण ते बिलाच्या आधी सांगायला हवे होते.

मधले एक वर्ष महामारीत गेले. २०२१च्या जूनमध्ये आम्ही बोट बॅलार्ड लॉक्समधून, म्हणजे दरवाजे लावून पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या कुंडातून, खाली उतरवून प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत आणली आणि पोर्ट टाउनसेंडला नेली. १९१७ साली सुरू झालेल्या या लॉक्समध्ये बोट तळ्याच्या पातळीवरून, भरती-ओहोटीनुसार सहा ते सव्वीस फूट, खाली समुद्राच्या पातळीला उतरते, आणि दोर हळूहळू सैल सोडत उभे राहण्याचा तो अनुभव मला अजूनही प्रवासातला सर्वांत आवडता भाग वाटतो. पोर्ट टाउनसेंड हे लाकडी बोटींचे गाव आहे. १९७७पासून, म्हणजे आमच्या बोटीच्या जन्मवर्षापासून, तिथे दर सप्टेंबरला लाकडी बोटींचा महोत्सव सुरू झाला. आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की तिथल्या यार्डात मालकाला स्वतःच्या हाताने काम करू देतात. आजकाल बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही. धूळ ओढणारे यंत्र जोडल्याशिवाय घासकाम करायचे नाही आणि खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय काही खरवडायचे नाही, हे नियम तिथेही कडक आहेत आणि ते तसेच असावेत.

सागवान काढायला बारा दिवस लागले. स्क्रू मोजण्याचा संकल्प पहिल्याच दुपारी सुटला, पण निघालेल्या स्क्रूंनी रंगाचे दोन रिकामे डबे काठोकाठ भरले. पट्ट्या निघाल्यावर वरच्या फायबरग्लासवर भोकांची चाळण उरली. मऊ जागी आम्ही फायबरग्लासचा वरचा थर कापला. गोल करवतीचे पाते जेमतेम त्या थराइतकेच खाली ठेवले आणि झाकण काढावे तसा चौकोन उचलला. आत लाकूड नव्हते. काळा, ओला, बोटांत चुरगळणारा लगदा होता, आणि त्याला पावसाळ्यात मोरीत विसरलेल्या पाटाचा वास येत होता. पत्नीने नख लावले आणि म्हणाली, “अरे, हे तर चमच्याने निघेल.” आम्ही खरोखरच ते स्वयंपाकघरातल्या एका जुन्या कालथ्याने काढले. शेजारच्या बोटीवर काम करणारा एक म्हातारा सुतार हे पाहून गेला आणि जाताना एवढेच म्हणाला की काळा भाग संपल्यावर आणखी एक वीत पुढे कापा, कारण कूज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. त्याचे ऐकले म्हणून ठीक झाले. आमच्या सतरा खुणांपैकी नऊ खुणा आतून एकमेकींना जोडलेल्या निघाल्या.

या कामात वापरलेल्या एका वस्तूविषयी मोकळेपणाने चांगले लिहितो. वेस्ट सिस्टमचे १०५ क्रमांकाचे रेझिन आणि ते घट्ट करणारे २०६ क्रमांकाचे मंद हार्डनर आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरले. दोन्हींचे प्रमाण पाचास एक असे आहे, आणि कंपनीचे पंप डब्यांवर बसवले की दोन्हींचा एकेक दट्ट्या दाबताच ते प्रमाण आपोआप साधते. नवशिक्याला हा फार मोठा आधार आहे, कारण इपॉक्सीत प्रमाण चुकले तर ती कधीच पूर्ण घट्ट होत नाही. हार्डनर जास्त घातले की लवकर वाळेल, हा रंगकामातून आलेला समज इथे घात करतो. दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्या लागतात. मिश्रण खोल भांड्यात ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावते, म्हणून ते पसरट ताटलीत ओतावे. आणि वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो घासण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावा. न धुता घासला तर तो कागदाने आत दाबला जातो आणि पुढचा थर धरत नाही. आम्ही हे एकदा विसरलो आणि एक पूर्ण रविवार पुन्हा घासण्यात घालवला. किंमत जास्त आहे, वासही सगळ्यांना सोसत नाही, आणि हातमोज्यांशिवाय काम केल्यास त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. तरीही यात काटकसर करू नये.

नव्या गाभ्यासाठी आम्ही फोम न घेता बाल्सा हे हलके लाकूड घेतले, ज्यावर पुष्कळ जण नाक मुरडतील. माझे म्हणणे असे की प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, दाट इपॉक्सीने भरून, मग त्यातून नवे भोक पाडले तर बाल्सापर्यंत पाणी पोहोचणारच नाही, आणि ते तसे करायचे नसेल तर फोमच्या डेकमध्येही पाणी साठतेच. कापलेला थर परत बसवला, सांध्याच्या दोन्ही कडा जाडीच्या बारा पट रुंद उतार देऊन घासल्या आणि त्यावर काच-कापडाचे थर चढवले. सागवान परत बसवले नाही. आता तिथे फिकट करड्या रंगाचा, वाळू मिसळल्यासारखा खरखरीत रंग आहे. बोट देखणी होती तितकी राहिली नाही, हे मान्य करायला हवे. पहिल्या पावसात मात्र मी पुढच्या केबिनमध्ये टॉर्च घेऊन तासभर छताकडे पाहत बसलो होतो आणि छत कोरडे होते.

इंजिनाविषयी तक्रारीला जागाच नाही. आमच्या बोटीत एकच इंजिन आहे, १२० अश्वशक्तीचे फोर्ड लेहमन. मूळ गडी फोर्डचा, इंग्लंडमध्ये बनलेला, ट्रकांना जुंपला जाणारा सहा सिलिंडरचा ६.२ लिटरचा डिझेल ब्लॉक, आणि न्यू जर्सीच्या लेहमन कंपनीने त्याला समुद्राच्या कामाला लावला. यात संगणक नाही, टर्बो नाही, आणि एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजही नाही. सात मैलांच्या वेगाला तो ताशी दोन-अडीच गॅलन डिझेल घेतो आणि सुटे भाग आजही मिळतात. एकच खोड लक्षात ठेवावी लागते : सिम्सच्या इंजेक्शन पंपाचे वंगणतेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे आहे. त्यात हळूहळू डिझेल झिरपते, म्हणून ते दर पन्नास तासांनी बदलायचे असते. या पंपाला स्वतःचे तेल आहे हेच ठाऊक नसलेले मालक मला भेटले आहेत. तेल घालण्याची जागा कोपऱ्यात, हात पालथा करून पोहोचावे लागते अशी आहे, आणि मी प्रत्येक वेळी मनगट खरचटून घेतो. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आम्ही न बिघडताच बदलला. तो आतून फुटला तर पाणी गिअरमध्ये जाते आणि गिअरबॉक्सच गमवावा लागतो.

डिझेलच्या टाक्या लोखंडी होत्या, दोन मिळून सुमारे ४०० गॅलनच्या. लोकांना वाटते टाकी आतून गंजते. आमची डावी टाकी वरून गंजली होती, कारण डेकवरचे डिझेल भरण्याचे झाकण जिथे बसते तिथून पाऊस झिरपून टाकीच्या सपाट माथ्यावर वर्षानुवर्षे साचत होता. पुन्हा तेच पाणी. पूर्ण टाकी बाहेर काढायची तर इंजिन उचलावे लागले असते, म्हणून २०२२ साली एका वेल्डरकडून ती रिकामी करून, धुऊन, आतल्या आतच कापून तुकड्यांनी काढवली आणि तिच्या जागी ॲल्युमिनियमच्या दोन लहान टाक्या बसवल्या. साठवण थोडी घटली. उजवी टाकी अजून चांगली आहे. झाकणाखालचे सील मात्र दर वर्षी बदलतो.

बाकीच्या कामांविषयी थोडक्यात. खिडक्यांच्या सागवानी चौकटींत पाणी बाहेर जायला बारीक छिद्रे असतात, ती पिनेने मोकळी केल्यावर निम्म्या गळत्या फुकटात थांबल्या. वायरिंगमध्ये घरगुती वायर आणि पिळून टेप लावलेले जोड सापडले. ते सगळे काढून कथिल चढवलेल्या तांब्याची वायर टाकली. बुडातले सर्व कांस्य व्हॉल्व्ह उघडून पाहिले, दोन बदलले. बुडातल्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, म्हणजे ॲनोड, गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमचे लावले. पंखा फिरवणारा शाफ्ट बोटीच्या बुडातून जिथे बाहेर पडतो तिथल्या पॅकिंगमधून, तो फिरताना थोडे थेंब पडलेच पाहिजेत; त्यांना घाबरून नट आवळणाऱ्याचा शाफ्ट झिजतो.

खर्चाचा आकडा विचारला जातोच. बोट ४६ हजार डॉलरना पडली आणि चार वर्षांत तिच्यावर आणखी ३८ हजार गेले, त्यात फसलेल्या दुरुस्तीचे सहा हजार धरले आहेत आणि आमच्या दोघांच्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत. विकायला काढली तर हे पैसे परत येणार नाहीत. ज्याला लाकूड, काच-कापड आणि डिझेल यांचा वास आवडतो आणि ज्याच्या जोडीदारालाही तो निदान सोसतो, त्याला मी ही बोट डोळे झाकून सुचवीन. अट एकच, डेक आधी वाजवून घ्यावे, आणि शक्यतो सागवान आधीच कोणीतरी काढून टाकलेली बोट शोधावी, मग ती फोटोत कितीही बोडकी दिसो. सागवानी डेक पाहून भाव जास्त सांगणाऱ्या दलालाला उलट तेवढेच पैसे कमी करायला सांगावेत.

मागच्या केबिनमध्ये, उजव्या बिछान्याच्या उशाशी, वायव्येचा वारा सुटला की अजून एक थेंब पडतो. तो कुठून येतो हे आम्ही पाण्याचा पाइप लावून, खडूची पूड टाकून आणि टेप चिकटवून तीन वेळा शोधले. तूर्त तिथे एक स्टीलची वाटी ठेवली आहे, आणि येत्या मे महिन्यात रेलिंगचे खांब एकेक करून उपसणार आहोत.